मर्झामेमी : होल्यांचं बंदर

गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही माल्टाला गेलो होतो. आमच्या बहिणीचा मुलगा तिथल्या एका इस्पितळात नर्स आहे. तीन वर्षं तो आणि सूनबाई दोघं बोलावत होते. शेवटी आमची लेक दहावीची परीक्षा देऊन मोकळी झाली आणि आम्ही तिघं निघालो. व्हिसाची कहाणी सांगत बसलो तर अंकाची पानं पुरणार नाहीत, म्हणून ती सोडून देतो.

माल्टा पाहून झालं तेव्हा भाचा म्हणाला, "खाला, दोन दिवस सिसिलीला जाऊन येऊ. बोटीनं पावणेदोन तासांचं काम. एक गाव दाखवतो. नाव ऐकूनच तुम्ही खूश व्हाल."

गावाचं नाव मर्झामेमी. आम्हाला त्यात खूश होण्यासारखं काही वाटलं नाही. मग त्यानं फोड करून सांगितलं. माल्टात जागोजागी 'मार्सा' नावाची गावं आहेत. मार्सा म्हणजे बंदर, सरळ अरबी 'मर्सा'. माल्टीज भाषा मुळात अरबीचीच लेक आहे; ती बोलणारे लोक कट्टर कॅथलिक, पण देवाला 'अल्ला' म्हणतात आणि ईस्टरच्या आधीच्या त्यांच्या उपासाच्या महिन्याला 'रंदान'. तर मर्झामेमी म्हणजे 'मर्सा अल-हमाम', असं बहुतेक लोक मानतात.

"हमाम? म्हणजे साबणाचं बंदर?" लेकीनं विचारलं.

उर्दू शिकवणाऱ्या घरात असा प्रश्न आला की तास सुरू होतो. अंघोळीचं ते हम्माम, त्यातल्या मीमवर तश्दीद असते. तश्दीद काढली की हमाम, म्हणजे कबुतर, पारवा, होला. आफ्रिकेत हिवाळा काढून युरोपकडे परतणारे होले वसंतात समुद्र ओलांडून दमून पहिल्यांदा या किनाऱ्यावर टेकतात. म्हणून होल्यांचं बंदर. नावाबद्दल दुसरेही तर्क आहेत, पण आम्हाला हाच आवडला आणि आम्ही तोच धरून चाललो.

सकाळच्या बोटीनं व्हॅलेटाहून पोझालो बंदराला उतरलो. बोट मोठी, वातानुकूलित, खुर्च्या विमानासारख्या. तिच्यात कॉफी पिता पिता समुद्र कधी ओलांडला ते कळलंही नाही. हे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण परतताना त्याच पाण्याकडे आम्हाला तसं बघता आलं नाही.

पोझालोहून मोटारीनं पूर्वेकडे तासाभराचा रस्ता. सिसिलीचं हे आग्नेय टोक सपाट, कोरडं. दगडी गडग्यांमागे ऑलिव्ह, खरनूब, लिंबाच्या बागा आणि मधेच मैलोन्‌मैल प्लास्टिकची हरितगृहं. तो पाकिनोचा टोमॅटो. गुच्छानं लागणारा, बोराएवढा, लालबुंद आणि गोड. युरोपीय संघानं त्याला भौगोलिक मानांकन दिलं आहे, म्हणजे आपल्या हापूससारखी त्याची ऐट. गंमत अशी की या छोट्या टोमॅटोचं बी इथं आलं १९८९ मध्ये, एका इस्रायली कंपनीकडून. चाळीस वर्षांच्या आतली पिकाची परंपरा, आणि गावकरी मात्र आजोबा-पणजोबांच्या काळापासून असल्यासारखे बोलतात.

पाकिनो ओलांडून तीन-चार किलोमीटर खाली उतरलं की मर्झामेमी. गाव म्हणण्याइतकंही मोठं नाही. एक चौक, त्याच्या बाजूनं बसकी दगडी घरं, दोन चर्च, एक वाडा आणि दोन छोटी बंदरं. दगड मधाच्या रंगाचा, खारं वारं लागून जागोजागी पोखरलेला. दारं-खिडक्या निळ्या. किनाऱ्यासमोर हाताच्या अंतरावर एक चिमुकलं बेट, त्यावर एकच घर. आम्ही दुपारी पोहोचलो तेव्हा चौकात खुर्च्या-टेबलं मांडली जात होती. जुलै-ऑगस्टमध्ये इथं पाय ठेवायला जागा नसते म्हणतात. इटालियन चित्रपटवाल्यांनाही हा चौक फार आवडतो. मे महिन्यात मात्र दुपारच्या वेळी चौकात आम्ही होतो, दोन मांजरं होती आणि जाळं उसवत बसलेला एक म्हातारा होता.

आता खरं सांगायचं तर अरबांनी बांधलेलं असं या चौकात काहीही नाही. दिसतं ते सगळं अठराव्या शतकातलं. १७५२ मध्ये इथल्या जहागीरदारानं, म्हणजे व्हिल्लादोराताच्या प्रिन्सनं, आपला वाडा बांधला, त्याला लागून चर्च, आणि सभोवती कोळ्यांसाठी खोल्यांच्या रांगा. एका बोळातल्या अंगणाला लोक 'अरब अंगण' म्हणतात, पण ते नावापुरतंच. आपल्याकडे अशा ठिकाणी गेलं की भिंतीभिंतीत मुस्लिम वैभव शोधायची सवय असते. आम्हालाही होती. भिंतींनी निराश केलं, आणि मग लक्ष शब्दांकडे गेलं.

बंदराचं नाव 'बलाता'. अरबी 'बलात' म्हणजे फरशी, सपाट दगड. शेताला पाणी साठवायचं टाकं ते 'जेब्बिया', अरबी 'जाबिया'. लिंबा-संत्र्याच्या फुलांना 'झागारा', म्हणजे 'झहर', फूल. दुकानात तिळाची चिक्की मिळाली. अगदी आपल्या संक्रांतीच्या वडीसारखी, फक्त गुळाऐवजी मध-साखर. तिचं नाव 'जुज्जुलेना'. अरबीत तिळाला 'जुलजुलान' म्हणतात. दुकानदार बाईंना हे भाच्यानं सांगितलं, तर त्या म्हणाल्या, हा आमच्या आजीचा शब्द आहे, अरबांचा कसा असेल?

पण खरा शब्द सापडला तो 'टोनारा'त. टोनारा म्हणजे टूना पकडायचा कारखाना, आणि हे गाव त्याच्यासाठीच वसलं. टूना म्हणजे आपल्या कोकणातल्या कुप्याचा थोरला भाऊ; एकेक मासा माणसाच्या दोन-तीनपट वजनाचा. वर्षातून एकदा, उन्हाळ्याच्या तोंडावर, ही मासळी अंडी घालायला अटलांटिकमधून भूमध्य समुद्रात शिरते. तिच्या वाटेत नांगरांनी बांधलेल्या जाळ्यांची लांबच लांब भिंत उभी करायची. मासा भिंतीच्या कडेनं जात जात एका खोलीतून दुसऱ्या खोलीत शिरतो. शेवटच्या खोलीला बूड असतं. ते सगळ्यांनी मिळून वर ओढायचं. तिचं नावच 'मृत्यूची खोली'. ओढताना म्हणायची गाणी असत. मग किनाऱ्यावर मासे कापणं, खारवणं, तेलात घालणं. सिसिलीच्या मोठ्या टोनारांमध्ये मर्झामेमीची गणना होत असे, आणि तिची सुरुवात अरबांच्या काळात झाली असं सांगतात. विसाव्या शतकात मासळी घटली, धंदा बसला. आता त्या कोठारांत उपाहारगृहं आहेत.

या सगळ्या कामाचा जो मुख्य, ज्याच्या हुकमाशिवाय जाळं हलत नसे, त्याला म्हणत 'राईस'. तोच आपला 'रईस'. अरबीत रईस म्हणजे प्रमुख, ज्याच्या डोक्यावर जबाबदारी तो. आपल्याकडे उर्दूत येता येता त्याचा पैसेवाला झाला. इथं पैसेवाला वाड्यात राहत होता आणि रईस पाण्यात उभा होता. हर्णै बंदरावर आमचे हे लहानाचे मोठे झाले. ते म्हणाले, "हा तर आपला तांडेल."

जेवणाचा प्रश्न सोपा होता. गोश्ताला हात लावायचा नाही, मासळीवर भागवायचं, हे बोटीतच ठरलं होतं. तरी भाच्याला प्रत्येक ठिकाणी विचारावं लागे, रश्शात वाइन आहे का. एका ठिकाणच्या आचाऱ्यानं स्वतः बाहेर येऊन वेगळं करून देतो म्हणून सांगितलं आणि दिलं. शेवयांवर बारीक किसलेलं काहीतरी पिवळट-तपकिरी घातलं होतं. पहिला घास घेतल्याबरोबर हे म्हणाले, "गाभोळी!" खरंच होती. टूनाच्या गाभोळीला मीठ लावून, दाबून, वाळवून तिची वडी करतात. नाव 'बोत्तार्गा', आणि हाही शब्द अरबी 'बुतारिख'वरून आलेला. आपल्याकडे गाभोळी तव्यावर परतून संपते. ती किसून अशी महाग विकता येते हे ऐकून आमच्या सासूबाई काय म्हणतील, यावर बराच वेळ हसणं झालं.

संध्याकाळी असरच्या वेळी आम्ही गावाबाहेरच्या खडकांवर गेलो. वुजूला समुद्र होताच. फोनवर किब्ला पाहिला आणि थोडं चमकायला झालं. हर्णैच्या किनाऱ्यावर नमाजला उभं राहिलं की तोंड समुद्राकडे असतं, पश्चिमेला. इथंही तोंड समुद्राकडेच आलं, पण पूर्वेला. मक्का दोन्हीकडून पाण्यापलीकडे.

पुरुष पुढे, आम्ही मायलेकी आणि सूनबाई मागे. तेवढ्यात गळ टाकून बसलेला एक माणूस उठून आला, चपला काढल्या आणि भाच्याशेजारी उभा राहिला. आम्ही मुसाफिर, म्हणून दोन रकातींची कसर. यांनी सलाम फिरवल्यावर त्यानं न बोलता उठून आपल्या उरलेल्या दोन रकाती पुऱ्या केल्या. तेव्हाच कळलं की हा इथला रहिवासी.

तो ट्यूनिशियाचा. बावीस वर्षं पाकिनोच्या हरितगृहांत टोमॅटोचं काम करतो. भाच्याची माल्टीज आणि त्याची ट्यूनिशियन अरबी एकमेकांना निम्मी-अर्धी कळत होती. उरलेलं इटालियननं भागलं. या टोकाची गावं नकाशावर ट्यूनिस शहराच्याही किंचित दक्षिणेला येतात. "मी उत्तरेला आलो असं घरच्यांना वाटतं," तो हसत म्हणाला. इथं अरब होते ना, असं आम्ही विचारलं, तर म्हणाला, "आजही आहेत. सकाळी पाचला हरितगृहात या."

उर्दूच्या वर्गात सिसिली येते ती इक्बालमुळे. १९०८ साली युरोपातून हिंदुस्तानला परतताना जहाजावरून हे बेट पाहून त्यांनी लिहिलेली 'सिकलिया' ही कविता 'बांग-ए-दरा'मध्ये आहे. फार दर्दभरी. वाचताना मुलांचे डोळे भरून येतात, आणि आम्ही ते भरू देत आलो. ८२७ साली कैरवानचे काझी असद इब्न अल-फुरात यांच्या नेतृत्वाखाली फौज मझारा इथं उतरली, ८३१ मध्ये पालेर्मो, ८७८ मध्ये सिराक्यूज, आणि १०९१ मध्ये शेवटचं नोतो नॉर्मनांच्या हाती गेलं. ते नोतो इथून वीस-पंचवीस किलोमीटरवर. १६९३ च्या भूकंपात ते कोसळलं आणि नवं शहर दुसऱ्या जागी बांधलं गेलं. याच मुलखात अकराव्या शतकात वाढलेला कवी इब्न हमदीस तरुणपणी बेट सोडून अंदलुसला गेला आणि जन्मभर सिसिलीच्या आठवणी लिहीत राहिला, परतला नाही. हे सगळं खरं. पण वर्गात एक गोष्ट कधी सांगितली गेली नाही. सिराक्यूजला महिनोन्‌महिने वेढा पडला होता, आत लोक उपासमारीनं मेले आणि शहर पडल्यावर जी कत्तल झाली तीही याच इतिहासातली. जाण्याचं दुःख शिकवायचं आणि येणं कसं झालं ते गाळायचं, हे बरोबर नाही. यंदा शिकवताना गाळणार नाही.

ट्यूनिशियन भावानं विचारलं, तुम्ही कुठले? इंडिया म्हटल्यावर तो जरा थांबला. मग दक्षिणेकडे बोट करून म्हणाला, तुमच्या लोकांची कबर तिकडे आहे.

आम्हाला वाटलं, महायुद्धातली असेल. जुलै १९४३ मध्ये दोस्तांच्या फौजा याच किनाऱ्यावर उतरल्या होत्या. पण तो बोलत होता ते १९९६ चं.

पोर्तोपालो हे कोळ्यांचं गाव मर्झामेमीहून दहाएक किलोमीटरवर. त्या वर्षी नाताळच्या रात्री, २५ आणि २६ डिसेंबरच्या मधल्या रात्री, माल्टा आणि सिसिलीच्या मधोमध, खवळलेल्या समुद्रात, 'योहान' नावाच्या मोठ्या जहाजावरून शेकडो माणसं एका छोट्या बोटीत उतरवली गेली. बोटीच्या ताकदीच्या कितीतरी पट. बोट जहाजावर आदळली आणि बुडाली. किमान २८३ माणसं गेली. ती सगळी भारतातली, पाकिस्तानातली आणि श्रीलंकेतली. वाचलेल्यांनी ग्रीसमध्ये उतरून सांगितलं, पण कुणी विश्वास ठेवला नाही. बोट सापडत नाही, मृतदेह नाहीत, म्हणजे घडलंच नाही.

मृतदेह होते. पोर्तोपालोच्या कोळ्यांच्या जाळ्यात ते येत होते. पोलिसांना कळवलं तर चौकशी, बोट अडकून पडणार, धंदा बुडणार, म्हणून ते पुन्हा पाण्यात सोडले गेले. असं वर्षानुवर्षं चाललं. शेवटी एका कोळ्याला जाळ्यातल्या कपड्यांत एका तमिळ मुलाचं ओळखपत्र सापडलं. तो गप्प बसला नाही. त्यानं एका पत्रकाराला गाठलं, आणि २००१ मध्ये कॅमेरा खाली सोडून शंभरेक मीटर खोलावर ती बोट दाखवली गेली. गावातल्या अनेकांनी त्या कोळ्याशी बोलणं टाकलं.

आमचे हे एकदम गप्प झाले. त्याला कारण आहे. यांचे थोरले चुलते दुबईच्या आशेनं एका गलबतावर गेले, ते परत आले नाहीत. पत्र नाही, खबर नाही, मय्यत नाही. दादी शेवटपर्यंत म्हणत, तो कुठेतरी असेल. कुणी गायबाना जनाजाची गोष्ट काढली की उठून आत जात. आम्हा कोकणी लोकांत, शाफई मसलकात, गैरहजर मय्यतीवर नमाज चालते. पण नमाज पढायची म्हणजे तो गेला हे मान्य करायचं, आणि आईनं ते कधी केलं नाही. दादी गेल्या त्याच वर्षी, चाळिसाव्याच्या दुसऱ्या दिवशी, घरच्या पुरुषांनी ती नमाज पढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पोर्तोपालोला गेलो. समोरच्या बेटावर स्पॅनिश काळातला किल्ला आहे, सुवर्णदुर्गाची आठवण करून देणारा. बंदरात मासळी उतरत होती. झिंगे, माकूळ, एक मोठा तलवार-मासा. बर्फाच्या पेट्या, ओरडाओरड, मांजरं, सगळं ओळखीचं. जाळी दुरुस्त करणाऱ्या कोळ्यांकडे बघताना आम्हाला त्यांचा राग यावा असं वाटत होतं, पण तो टिकेना. हर्णैला असं घडलं असतं तर आमच्यातल्या किती जणांनी पोलिसांत वर्दी दिली असती? हे म्हणाले, "कर्जाचा हप्ता डोक्यावर असलेला तांडेल काय करील, ते मला विचारू नका."

बंदराच्या भिंतीवर उभं राहून काय पढायचं यावर थोडी चर्चा झाली. त्या बोटीत मुसलमान किती, हिंदू, शीख, ख्रिस्ती किती, कुणाला माहीत. ट्यूनिशियन भाऊ मालिकी. त्यांच्यात गायबाना नमाज नाही, तो आदल्या दिवशीच तसं म्हणाला होता. बुडून मरणाऱ्या मोमिनाला शहिदाचा दर्जा आहे असं हदीसमध्ये आलं आहे. पण आम्ही फक्त हात उचलले. ज्याला जी दुआ सुचली ती त्यानं मनात मागितली. लेकीनं नंतर सांगितलं, तिनं त्या मुलाच्या आईसाठी मागितली, ओळखपत्रवाल्या.

परतताना मर्झामेमीत थांबून एक गोष्ट पाहायची होती. गावाजवळच्या समुद्रात सहाव्या शतकातलं एक जहाज सापडलं आहे. त्याच्या पोटात अख्खं चर्च होतं. सम्राट जस्टिनियनच्या काळात कुठेतरी बांधायचं म्हणून संगमरवराचे खांब, त्यांचे माथे, हिरव्या दगडाचं व्यासपीठ, असं सगळं घडवून सुटं सुटं भरून पाठवलेलं. ते पोहोचलंच नाही. १९६० च्या दशकात गेरहार्ड कापिटेन या जर्मन संशोधकानं त्याचा शोध घेतला, आणि अलीकडे अमेरिकेच्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचे लोक पुन्हा उतरले. एकेक खांब मोजून, नंबर घालून, कागदावर आणला आहे. आम्ही गेलो तेव्हा त्याची माहिती मांडलेली जागा बंद होती. दारावर वेळांची पाटी होती, आणि त्या वेळेत यायला आमच्याकडे वेळ नव्हता. बाहेरच्या बाकावर बसून उरलेली जुज्जुलेना खाल्ली. लेक म्हणाली, "अम्मी, खांब मोजले, मग माणसं का नाही मोजली?" भाच्यानं तिला सांगितलं की ओळखपत्र देणाऱ्या त्या कोळ्याचंही म्हणणं साधारण हेच होतं.

चौकातून निघताना आकाशात होले दिसतात का ते पाहिलं. दोन पारवे वाड्याच्या कंगोऱ्यावर बसले होते, ते तर आपल्या शाळेतही असतात.

संध्याकाळची बोट भरलेली होती. आमच्यासमोरच्या रांगेत चार पंजाबी पोरं बसली होती, माल्टात इमारतीच्या कामावर असलेली, सुट्टीला सिसिली बघून परतणारी. हातात पासपोर्ट, कामाचं कार्ड. एजंटाला किती दिले ते ती एकमेकांना सांगत होती आणि हसत होती. किनारा दिसेनासा झाल्यावर लेकीनं फोनवर नकाशा उघडला. निळ्या पाण्यात आमचा ठिपका पुढे सरकत होता.

"अब्बा, ती जागा इथेच का?"

"इथेच असेल. किंवा थोडी पुढे," हे म्हणाले, आणि उठून बाहेरच्या कठड्याशी जाऊन उभे राहिले. आम्हीही गेलो. वारं खूप होतं. आत टीव्हीवर फुटबॉलची मॅच चालू होती आणि ती पोरं कुठल्यातरी गोलवर ओरडली.